नोकराच्या तोंडी माझं पत्रक

जुन्या इंग्रजी रहस्यपटांत खून बटलर करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या बिचाऱ्याची जगभर फार बदनामी झालेली आहे. मी ज्या चित्रपटांबद्दल लिहितेय त्यांत बटलर हातात ट्रे घेऊन उभा असतो, बाहेर वादळ असतं, दिवे जातात, कुणीतरी किंचाळतं, आणि दिवे परत येतात तेव्हा गालिच्यावर एक प्रेत असतं. संशय घेतला जातो बटलरवर, स्वयंपाकिणीवर, माळ्यावर. खून केलेला असतो पुतण्याने, वकिलाने किंवा घरच्या डॉक्टरने. म्हणजे ज्याला बसायला खुर्ची दिली होती, त्याने.

हे मला इतक्या ठामपणे सांगता येतं, कारण ती माझी नोकरी आहे. म्युनिकमधल्या एका लहान चित्रपटगृहात आम्ही दर रविवारी दुपारी तीन वाजता एक जुना ब्रिटिश चित्रपट दाखवतो. रिळं एका संग्रहालयातून डब्यांत येतात, त्यांवर जर्मन अनुवाद नसतो. तो मी करते. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी, असा रिवाज आहे. मी तेहतीस वर्षांची आहे आणि निवृत्त व्हायचा माझा विचार नाही. पण एक चूक माझ्या हातून अशी झाली की ती वेळेवर लिहून ठेवलेली बरी.

मी इचलकरंजीची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. आई शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीत गावोगाव जाऊन बुवाबाजीच्या चमत्कारांमागची रसायनं लोकांना दाखवायची. आमच्या घरात पत्रकं मेथीसारखी निवडली जात: मोजा, घडी घाला, गठ्ठे बांधा. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. सहा वर्षांची असताना आईला एक लेखी निवेदन दिलं होतं, मागणी क्रमांक एक: मुगाची खिचडी आठवड्यातून एकदाच. माझं नाव क्रांती आहे, हे वेगळं सांगायला नको. जर्मन लोक ते ‘क्रान्टी’ असं म्हणतात आणि अर्थ विचारतात. अर्थ सांगितला की खुर्ची थोडी मागे सरकवतात.

चित्रपटशास्त्र शिकायला मी इथे आले आणि शिकता शिकता या चित्रपटगृहात चिकटले. ते चालवतात हेर, म्हणजे श्रीयुत, त्सीग्लर. साठी उलटलेले, पक्के बव्हेरियन. प्रोजेक्टरही तेच लावतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एका झपाटलेल्या घराच्या चित्रपटाचं काम दिलं, तेव्हा मी तत्त्व म्हणून नकार दिला.

“भुताखेतांच्या प्रचाराला मी हातभार लावणार नाही,” मी म्हणाले.

“या, या,” ते म्हणाले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘हो, हो’ असा होतो. “आधी बघ. मग संप कर.”

मी बघितला. ओसाड माळावरचं घर, पावसाने वाहून गेलेला पूल, तुटलेली टेलिफोनची तार. जिन्यावरून एक चमकणारी आकृती उतरते आणि म्हाताऱ्या आत्याबाई बेशुद्ध पडतात. तासाभराने तरुण नायक त्या आकृतीवरची चादर ओढतो. आत वकील! चादरीला चमकणारा रंग फासलेला. मी अंधारात एकटीच टाळ्या वाजवल्या. माझी आई ज्यासाठी एसटीने खेडोपाडी फिरली, तेच काम हे इंग्रज कोट घालून करत होते.

तेव्हापासून मी या घरांच्या प्रेमात आहे. कारण विचाराल तर माझ्याकडे अनेक आहेत. भीती इथे हद्दीत असते. सव्वा तासात ती संपते आणि शेवटी कुणीतरी कोको करून आणतं. सगळे नट रंगभूमीवरून आलेले, त्यामुळे प्रेत शेजारी पडलेलं असतानाही त्यांचे विनोद चुकत नाहीत. आणि पूल वाहून गेला की सरदार, टॅक्सीवाला, विमाविक्रेता आणि मोलकरीण यांना एकाच दिवाणखान्यात रात्र काढावी लागते. एरवी त्या देशात या चौघांना एका खोलीत कुणी बसवलं असतं? त्यासाठी वादळ यावं लागतं.

त्सीग्लरांचं कारण साधं आहे. “अंधार स्वस्त पडतो,” ते म्हणतात. स्टुडिओकडे एकच जिना होता. तो कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी कोळिष्टकं लावून दाखवायचे. बाकी भिंतीच नसायच्या, म्हणून काळोख. “पैसा असता तर यांनी दिवे लावले असते, आणि सगळं मातीत गेलं असतं.”

आता काम कसं चालतं ते सांगते. पडद्याच्या खाली एक अरुंद काळी पट्टी असते. एक दुसरा, छोटा प्रोजेक्टर त्यावर जर्मन वाक्यं टाकतो. ती आपोआप बदलत नाहीत. रीळ जुनं असतं, मध्येच तुटून जोडलेलं असतं, दर खेपेला वेग थोडा वेगळा. म्हणून शेवटच्या रांगेमागे एका छोट्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन मी बसते आणि नटाने तोंड उघडलं की स्पेसबार दाबते. एक वाक्य, एक दाब; दाखवलेलं वाक्य काही सेकंदांनी आपणच विझतं. हे लोक बोलतातही भराभरा. सव्वा तास मला शिंकायचीसुद्धा सवड नसते.

पहिल्या वर्षी मी एकदा घाईत दोनदा दाबलं. पडद्यावर इन्स्पेक्टर नुसता घसा खाकरत होता आणि खाली पट्टीवर आलं: “खुनी तुम्ही आहात, डॉक्टर!” सगळं प्रेक्षागृह डॉक्टरकडे बघायला लागलं. डॉक्टर बिचारा आरामात पाइप ओढत होता, त्याला अजून पत्ताच नव्हता. प्रोजेक्टरच्या खोलीतून त्सीग्लरांचा आवाज आला, “आल्झो, मग आता घरी जाऊ या का?”

आणखी एक रविवार विसरत नाही. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात मोटारींच्या कारखान्यात काम करणारे जोगदादा आमच्या महाराष्ट्र मंडळात येतात. त्यांच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. म्युनिक बघायला आल्यावर पाऊस लागला, म्हणून ते त्यांना माझ्याकडे घेऊन आले. सासूबाईंना ना इंग्रजी येत होतं, ना जर्मन. जोगदादा दोन वाक्यांनंतर कानात भाषांतर करायला लागले, तर बाईंनी त्यांना हाताने गप्प केलं.

“अहो जावईबापू, बघू द्या की. म्हातारा गेलाय, वकील कागद घेऊन आलाय, आणि एरवी तोंड न बघणारे सगळे पुतणे आदल्या दिवशीच येऊन बसलेत. यात न कळण्यासारखं काय आहे? हा भुताचा नाहीच, हा वाटणीचा सिनेमा आहे.”

अर्धा चित्रपट व्हायच्या आत त्यांनी खुनीही सांगितला. “तो. सगळ्यांत जास्त रडतोय ना, तो.” बरोबर होतं.

पण खुनी ओळखण्यात आमच्याकडे खरी हुशारी एकाच बाईंची, फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लिंडनर यांची. तिसरी रांग, डावीकडची खुर्ची. नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनची नोकरी करून निवृत्त झालेल्या. एकोणिसाव्या वर्षी तापात त्यांची दोन्ही कानांची श्रवणशक्ती गेली. बोलतात स्वच्छ, समोरच्याचे ओठ वाचतात, पण माझे परदेशी ओठ त्यांना नीट वाचता येत नाहीत, म्हणून माझ्यासाठी पर्समध्ये एक छोटी वही असते. मी लिहायचं, त्यांनी बोलायचं.

मी एकदा लिहून विचारलं, तुम्हाला खुनी आधीच कसा कळतो?

“तुम्ही सगळे आवाजामागे धावता,” त्या म्हणाल्या. “दार करकरलं की दाराकडे बघता. मी तेव्हा लोकांचे हात बघते.”

बाकीचे प्रेक्षक पट्टीवर अधूनमधून नजर टाकतात. थोडंफार इंग्रजी सगळ्यांनाच येतं. फ्राऊ लिंडनर यांच्यासाठी ती पट्टी हाच चित्रपटाचा आवाज होता, आणि तो आवाज मी होते. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात कळला.

त्या रविवारचा चित्रपट एका कर्नलच्या घरातला होता. कर्नल हिंदुस्थानातून एका मूर्तीच्या कपाळावरचं माणिक घेऊन आलाय. त्याच्या मागोमाग एक हिंदू नोकर आलाय, फेटा बांधलेला, डोळे वटारणारा. तोंडाला तपकिरी रंग फासलेला इंग्रज नट तो. घरात काहीही झालं की सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. स्टुडिओच्या संवादांच्या यादीत त्याच्या एकमेव मोठ्या वाक्यापुढे फक्त एवढं लिहिलं होतं: “हिंदुस्थानी बोलतो.”

मी हेडफोन लावून ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. हिंदी नाही, मराठी नाही, तमिळ नाही, बंगालीही नाही. आपल्याकडची कुठलीच भाषा नाही. नट तोंडाला येईल ते बरळत होता.

माझं डोकं तापलं. हा चित्रपट दाखवूच नका, असं मी त्सीग्लरांना म्हणाले. ते म्हणाले, दाखवू या आणि नंतर बोलू या. मी हो म्हणाले. पण घरी जाऊन त्या बरळण्याच्या जागी मी लिहिलं: “हे माणिक तुमच्या कर्नलने आमच्या देवळातून चोरलं. ते परत मागणं हा गुन्हा नाही. तो हक्क आहे.”

वाक्य छान झालं. इतकं छान की हात थांबेना. मोलकरीण नुसतं “हो, बाईसाहेब” म्हणते, तिथे मी लिहिलं, “आज माझी सुट्टी होती, बाईसाहेब.” स्वयंपाकिणीला दोन सणसणीत वाक्यं दिली. मालक म्हणतो, तुम्ही जाऊ शकता, आणि बटलर म्हणतो, आभारी आहे सर. त्याच्या तोंडी मी घातलं, “आम्ही जाऊ. पण सगळे एकदम जाऊ.” असे अकरा बदल.

रविवारी काय गंमत आली म्हणून सांगू! सुट्टीच्या वाक्याला हशा, बटलरच्या वाक्याला शिट्टी, आणि फेटेवाल्याच्या वाक्याला चक्क टाळ्या. मी टेबलामागे बसून फुलून गेले होते.

चित्रपट संपल्यावर बाहेरच्या दालनात आम्ही कॉफी आणि आलुबुखाराचा केक देतो. फ्राऊ लिंडनर डोळे पुसत आल्या. बरोबर त्यांची मैत्रीण फ्राऊ होल्त्स, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या.

“त्या काळात!” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “इंग्रजांच्या चित्रपटात एक हिंदुस्थानी नोकर असं तोंडावर बोलतो! आणि त्यांनी बोलू दिलं! आमच्या बधिर मंडळाच्या पत्रिकेत मी यावर लिहिणार आहे.”

“कुठलं वाक्य, गेर्डा?” फ्राऊ होल्त्स यांनी विचारलं. “हक्काचं? मला वाटलं ते पट्टीवाल्यांनी केलेली गंमत आहे. तो तर नुसता हूं हूं करत होता. आणि मोलकरीण ‘यस मॅडम’ म्हणाली.”

फ्राऊ लिंडनर यांनी मैत्रिणीचे ओठ वाचले. मग माझ्याकडे बघितलं आणि वही पुढे केली.

मी लिहिलं: अकरा ठिकाणी बदल केला.

“कुठले?”

मी अकराही लिहून दिले. त्या एकेक वाचत गेल्या. कॉफी निवली.

“म्हणजे मी चित्रपट पाहिलाच नाही,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला पाहिलं.”

मी लिहिलं: पण ते वाक्य खरं आहे ना?

“ते वाक्य खरं आहे. तो ते बोलला हे खोटं आहे. याआधीच्या किती चित्रपटांत केलंत?”

मी लिहिलं: एकाही नाही. शपथ.

“हे मला कसं कळणार?”

त्यांनी वही मिटली, पर्समध्ये टाकली. “पुढच्या रविवारी माझी वाट बघू नका,” म्हणाल्या आणि मैत्रिणीचा हात धरून निघून गेल्या.

त्सीग्लर केकची ताटं गोळा करत होते. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. “टाळ्या वाजवणारे येतील पुढच्या वेळी,” ते म्हणाले. “पण इथे ज्या बाईंना पट्टीशिवाय काहीच नाही, त्यांनाच पट्टीचा भरवसा वाटत नसेल, तर हा उद्योग मी कुणासाठी चालवायचा? त्यांना परत आण.”

सोमवारी सकाळी मी घरी फोन लावला. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

“टाळ्या पडल्या, बाबा!”

“पडणारच. मग आवाज का उतरलाय?”

मी फ्राऊ लिंडनर यांच्याबद्दल सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं:

“खाली नाव कुणाचं होतं?”

“कसलं नाव?”

“पत्रकाच्या खाली, पोरी. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक. आपण उभ्या आयुष्यात एक तरी पत्रक बिननावाचं काढलं का? तू पत्रक काढलंस आणि नाव घातलंस त्या मेलेल्या इंग्रजाचं. उत्तर कुणी द्यायचं?”

“बाबा, तो एक चित्रपट आहे.”

मागून आई फोनपाशी आली. “क्रांते, मी गावात मंत्र म्हणून होम पेटवून दाखवते. लोक हात जोडतात. मग मी ग्लिसरीनची बाटली काढून त्यांच्या हातात देते. बाटली दाखवली नाही तर माझ्यात आणि त्या बुवात फरक काय? तू होम पेटवलास, आणि बाटली खिशात ठेवलीस.”

“आणि बाटली सापडली म्हणून ओशाळलीस,” बाबा म्हणाले.

“अहो, तुम्ही गप्प बसा आता. जेवायचं बघ गं, क्रांते.”

मी जेवले नाही. अकराही वाक्यं होती तशी केली. मग याआधी केलेल्या सगळ्या चित्रपटांच्या फायली काढल्या, एका बाजूला मूळ इंग्रजी संवाद, दुसऱ्या बाजूला माझं जर्मन, आणि दोन पिशव्या भरून बुधवारी एस-बान या लोकलने फ्राऊ लिंडनर यांच्या घरी गेले. बेल दाबल्यावर आत दिवा लुकलुकतो, त्यामुळे त्यांना कळतं. दार उघडलं, पिशव्या बघितल्या, पण ‘या’ म्हणाल्या नाहीत. वही मात्र आणली.

मी लिहिलं: हे सगळे चित्रपट. फ्राऊ होल्त्स यांच्याकडून तपासून घ्या. या रविवारी तोच चित्रपट पुन्हा दाखवतोय. सगळं जसंच्या तसं.

“आणि तो फेटेवाला? तो काय म्हणणार?”

मी लिहिलं: काही नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे.

“रिकामी?” त्यांचा आवाज चढला. “तो तोंड हलवतो, हात हलवतो, डोळे वटारतो. मला दिसतं. खाली पट्टी रिकामी असली तर मी काय समजू? की तुम्ही पुन्हा काहीतरी लपवताय! तो काय म्हणतो ते लिहा.”

पण तो काहीच म्हणत नाही, मी लिहिलं. ती भाषाच नाही.

“मग तसं लिहा!”

पिशव्या त्यांनी आत ओढल्या. दार लावलं. रविवारी येईन असं म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत.

मी एक पत्रक लिहिलं. एकच पान. मागच्या रविवारी मी कुठली अकरा वाक्यं बदलली, खरी कुठली होती. माणकांच्या चोरीबद्दल माझं म्हणणं काय आहे. तोंड रंगवून आमची सोंगं काढणाऱ्यांबद्दल काय आहे. सौम्य भाषा मला जमत नाही, तेव्हा ती वापरली नाही. खाली पूर्ण नाव घातलं. रविवारी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात दिलं. एक आजोबा वाचून कुरकुरले, “म्हणजे आज बटलर संप करणार नाही? मी नातवाला दाखवायला आणलंय!”

फ्राऊ होल्त्स एकट्याच आल्या. “गेर्डा अजून वाचतेय,” म्हणाल्या. “मलाही रोज वाचायला लावते. चौथा चित्रपट चाललाय. आतापर्यंत तुमच्या तीन चुका निघाल्या.”

“मुद्दाम केलेल्या नाहीत!”

“नाही. अडाणीपणाच्या आहेत. तसं तिला सांगितलंय.”

तीन वाजले. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. त्सीग्लरांनी मुद्दाम दोन मिनिटं उशीर केला, त्यापुढे त्यांच्यातल्या जर्मन माणसाला सहन होईना. दिवे मालवले. वीज चमकली, घर दिसलं, बटलरने दार उघडलं. आणि आमचंही दार उघडलं. फ्राऊ लिंडनर आत आल्या, दारात ठेवलेलं पत्रक त्यांनी घेतलेलं होतं, आणि आपल्या खुर्चीवर टेकल्या. कोट काढला नाही. बटणंसुद्धा सोडली नाहीत. पर्स मांडीवर. केव्हाही उठून जाता येईल असं बसणं.

मी दाबत गेले. मोलकरीण म्हणाली: हो, बाईसाहेब. कुणी हसलं नाही. बटलर म्हणाला: आभारी आहे, सर. माझ्या मनात त्याचं दुसरं वाक्य ओरडत होतं, पण हात बरोबर चालला. फ्राऊ लिंडनर यांची मान हलत नव्हती.

मग तो आला. माणिक ठेवलेल्या कपाटापुढे उभा राहिला, हात वर केले, डोळे फिरवले आणि गुरगुरला. मी दाबलं. पट्टीवर आलं:

“(अर्थ नसलेले आवाज. ही कुठलीही भारतीय भाषा नाही. नटालाही माहीत नाही.)”

बाकीचे आधी पडद्याकडे बघत होते. वाचायला त्यांना एक क्षण जास्त लागतो. पहिलं हसू तिसऱ्या रांगेतून आलं. फ्राऊ लिंडनर यांचं हसू मोठं आहे, कारण ते किती मोठं आहे हे त्यांना ऐकू येत नाही. मग फ्राऊ होल्त्स, मग नातवाचे आजोबा, मग सगळं प्रेक्षागृह. पडद्यावर तो इंग्रज गुरगुरतच होता, जितका गुरगुरे तितकं हसू वाढत होतं. मागच्या रविवारी माझ्या वाक्याने त्याला हुतात्मा करून सोडलं होतं. आज फेटा, रंग, वटारलेले डोळे, सगळं सोंग एका ओळीत उघडं पडलं.

फ्राऊ लिंडनर हसता हसता पुढे वाकल्या, मग ताठ बसल्या आणि कोटाची बटणं सोडायला लागल्या. एक, दोन, तीन. कोट काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, पर्स खाली ठेवली आणि मागे टेकून बसल्या.

मागे प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेवर धाडधाड आवाज झाला.

“क्रान्टी!” त्सीग्लर ओरडत होते. “बटलर!”

मी पडद्याकडे बघितलं. बटलर ट्रे घेऊन केव्हाचा बोलत उभा होता, आणि पट्टी रिकामी होती.